बोट लागते कुणाला

रवि., ४ जाने.

डोंबिवलीला विलासकडे जाऊन आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, पंचाहत्तरी म्हणून सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं, हे दिवाळीतच ठरलेलं. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. तीन भाऊ, तिघांच्या बायका आणि बेबीताई, म्हणजे यांची बहीण. आज केबिन ठरवायच्या होत्या. विलास धाकटा दीर, धंदा फ्लॅट विकायचा. त्याला जहाजसुद्धा टॉवरच दिसतं. नकाशा टीव्हीवर लावला आणि उभा राहून सुरू झाला. "टॉप फ्लोअर. फ्रंट फेसिंग. कॉर्नर. बाल्कनी. आणि लिफ्टपासून लांब, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची झिगझिग नाही." तीन जोडप्यांना तीन केबिन, एका ओळीत, जहाजाच्या पार नाकावर. दहावा मजला.

मी म्हटलं, आम्हाला खालची चालेल. मधली. लिफ्टजवळची.

"वहिनी, तळमजला कोण घेतं? डास येतात," विलास म्हणाला.

सगळे हसले. त्याची बायको शर्मिला हसता हसता म्हणाली, "त्यांना लागते ना बोट, म्हणून." मग दादांचं ते ठरलेलं वाक्य आलंच, "तांडेलाच्या घरात बोट लागणारी सून!" यांचे आजोबा गलबतावर तांडेल होते, वीस खलाशी त्यांच्या हुकमात. लग्न झाल्यापासून ऐकतेय.

आणि नं. काय म्हणाला? (तोंडाने 'अहो', इथे नं. नंदकुमार एवढं लांब लिहायची आज इच्छा नाही.) म्हणाला, "हिची जरा भीती आहे खरी. पण वरचीच घेऊ. होईल काहीतरी." आणि हसला. त्यांच्यात बसून हसला.

बेबीताईंना पाचव्या मजल्यावर, मधोमध, बिनखिडकीची. "एकटीच तर आहे, तिला कशाला बाल्कनी?" हेही विलासच. त्या तिथेच बसल्या होत्या, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

आता एक गोष्ट इथे लिहूनच टाकते. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. एसटी नाही, बोट नाही, जत्रेतला आकाशपाळणासुद्धा नाही. लागते ती नं.ला.

सोम., ५ जाने.

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. सकाळी उठून परत वाचलं. खोडावंसं वाटलं नाही.

लग्नानंतर देवीची ओटी भरायला यांच्या गावी गेलो. खाडी ओलांडायला लाँच. अर्ध्या वाटेत वारा सुटला आणि नं. पांढराफटक पडला. माझ्या नव्या शालूच्या पदरात ओकला. समोर धक्क्यावर सासूबाई, दादा, निम्मा गाव. हा माझ्या कानाशी म्हणाला, "सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या." मी चोवीस वर्षांची. नवरा पाया पडतो म्हणतोय, यातच मी विरघळले. उतरल्यावर सासूबाईंनी पदराकडे बघितलं. मी म्हटलं, मला लागली.

झालं. तिथून पुढे ती माझीच.

मग त्याची रीतच बसली. याला मळमळायला लागलं की हा म्हणणार, "थांबवा जरा, हिला कसंतरी होतंय." मी उतरायचं, वाकायचं, आवाज काढायचा. हा माझी पाठ धरायला म्हणून मागून उतरणार आणि माझ्या पलीकडे आपलं उरकून घेणार. माझा पदर आडोशाला. पुढे ओढणी. इतकं अंगवळणी पडलंय की खुणासुद्धा कराव्या लागत नाहीत. आमच्या लेकीलाही कधी कळलं नाही. तिच्या लग्नात बसने साताऱ्याला गेलो तेव्हा तिनेच मला पुढच्या सीटवर बसवून मांडीवर पिशव्या ठेवल्या होत्या. नवरी मुलगी, मेंदीचे हात, आणि माझ्यासाठी पिशव्या मोजतेय.

गुरु., ८ जाने.

नकाशा लॅपटॉपवर नीट बघितला. सत्तावीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग काढली आहेत मी, इंजिनीअर लोकांच्या चुका शोधून दिल्या आहेत. विलासला प्लॅन विकता येतो, वाचता येत नाही.

यात शास्त्र कसलं आलंय? वर्तकनगरच्या बागेत सी-सॉ आहे. टोकावरची पोरं वरखाली होतात, मधे बसलेलं जागच्या जागी असतं. जहाजाचं तेच. आणि जितकं उंच जाल तितकं डुलणार. म्हणजे सगळ्यात वाईट जागा दहाव्या मजल्यावर, नाकावर. यांनी कॉर्नर फ्लॅट म्हणून हौसेने घेतली ती. आणि सगळ्यात चांगली जागा खाली, मधोमध, लिफ्टच्या शेजारी. म्हणजे टाकाऊ म्हणून बेबीताईंच्या गळ्यात मारली ती.

चहा घेताना नं.ला कागदावर काढून दाखवलं. म्हटलं, तीन दिवस तुम्ही वर टिकणार नाही.

"गोळी घेऊ."

घेऊ! कोण घेणार आहे? तेवढंच विचारलं. त्याने पेपर उघडला.

संध्याकाळी गोळ्या घेऊन आला. मेडिकलचं बिल टेबलावर. पेशंटचं नाव: माझं.

खरं सांगायचं तर ती दहाव्या मजल्यावरची बाल्कनी मलाच हवी आहे. जहाजाच्या नाकावर खुर्ची टाकून बसायचं, समोर काही नाही, नुसतं पाणी. अंदमान असंच राहिलं. मी रजा टाकलेली, आणि हा सगळ्यांना सांगत सुटला, "हिला बोट झेपायची नाही." ऑफिसची एलिफंटाची ट्रिप गेली. आता त्या बिनखिडकीच्या खोलीसाठी मी भांडतेय, हसं करून घेतेय, आणि ज्याच्यासाठी करतेय तो...

रवि., ११ जाने.

मोहन्याला दादांकडे जेवायला. विलास घोडबंदरला कुणाला फ्लॅट दाखवून येणार होता, जाताना आम्हाला घेतलं. "वहिनी, तुम्हाला लागते, तुम्ही पुढे बसा." म्हणजे मी पुढे, एसीसमोर, चिक्की खात. आणि नं. मागे शर्मिलाशेजारी. विलास गाडी चालवतो ती अशी की गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटकडे पळतंय. माजिवड्याच्या पुलावरच मला आरशात नं.चा चेहरा दिसला. खारेगावच्या अलीकडे आवाज आला.

"विलास, थांबव रे. हिला कसंतरी होतंय."

माझ्या तोंडात चिक्की होती!

उतरले. पण आज वाकले नाही. आवाज काढला नाही. हाताची घडी घालून सरळ उभी राहिले, खाडीकडे बघत. नं. माझ्या मागे उकिडवा बसून. आडोसा मात्र झाले, पाय आपोआप तिथेच जाऊन उभे राहतात मेले.

परत बसल्यावर शर्मिलाने पर्समधून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. "हुंगत राहा, वहिनी." मागून नं. म्हणाला, "आता बरं वाटतंय तिला." वास याच्या तोंडाला आणि लिंबू माझ्या हातात.

दादांकडे जेवताना परत गलबत, परत वीस खलाशी. कुंदाताई, आमच्या मोठ्या जाऊबाई, माझ्या ताटात ताकभात वाढत होत्या. बाकीच्यांना वडे-सागोती. माझ्या पोटाला जड नको म्हणून! नं.ने तीन वडे खाल्ले.

गुरु., १५ जाने.

लेकीचा फोन. "आई, आत्तापासून आलं चघळायची सवय कर. आणि बाबांना उगाच टेन्शन देऊ नकोस, ते किती सांभाळून घेतात तुला."

सांभाळून घेतात.

बाहेर शेजारच्या बायका तिळगूळ घेऊन आलेल्या. गोड बोला म्हणे. दार उघडून गोड बोलले.

सोम., १९ जाने.

आज बोलले. सगळं नाही, पण बोलले.

टूरवाल्यांनी कळवलंय, प्रवाशांची नावं महिनाअखेरपर्यंत बदलता येतील. म्हटलं, पुढच्या बुधवारपर्यंत दादांना फोन करा आणि सांगा. तुम्हाला लागते, तुम्हाला खालची खोली हवी. एवढी दोन वाक्यं.

"या वयात? त्याच्या पंचाहत्तरीच्या तोंडावर?"

म्हटलं, मग कुठल्या वयात?

त्यावर म्हणाला, "इतकी वर्षं चाललंय. तुला काय जातंय?"

तुला काय जातंय. हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून ठेवतेय.

मी मोजायला लागले. अंदमान. एलिफंटा. प्रत्येक लग्नात ताकभात. सासूबाई जाईपर्यंत मला 'नाजूक' म्हणायच्या, तो काही कौतुकाचा शब्द नव्हता. पर्समध्ये कायम एक सुकलेलं लिंबू. हा ऐकत होता की नाही कोण जाणे. शेवटी म्हणाला, "पण तुला थोडीफार लागतेच ना?"

त्याला खरंच तसं वाटतं. इतकी वर्षं सांगून सांगून त्यालाच खरं वाटायला लागलंय. मी उठून आत गेले, नाहीतर हातातला डबा फेकला असता.

बुध., २१ जाने.

नं.ने खरवस आणला. माझ्या आवडीचा, जायफळ घातलेला. दोन वाट्या खाल्ल्या. राग आहे तिथेच आहे.

शनि., २४ जाने.

कल्याणला बेबीताईंकडे गेले, एकटीच. नं.ला सांगितलं, ब्लाउज शिवायला टाकायचाय. खोटं बोलायला मला आता शिकवायला नको.

बेबीताई अडुसष्टच्या. लग्न केलं नाही, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. फार बोलत नाहीत. चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "नंदूचंच असतं ना ते अजून?"

मी सवयीने म्हटलं, छे, मलाच लागते.

"मला काय सांगतेस माधवी, मी त्याची मोठी बहीण. आठ वर्षांचा होता. होडीत ओकायचा. आजोबांनी त्याला उचलून चार दिवस गलबतावर नेला, सवय होईल म्हणून. आला तेव्हा ओठ फाटलेले, उभं राहता येईना. आणि धक्क्यावर आमचा दादा पोरं जमवून ओरडत होता, ओकरा तांडेल, ओकरा तांडेल. वर्षभर तेच नाव होतं त्याचं."

हे मला नं.ने कधी सांगितलं नाही. कधीच. मी हात पदराला पुसत बसले. फाटलेल्या ओठांचं आठ वर्षांचं पोर डोळ्यांसमोरून जाईना. मग विचारलं, "धक्क्यावर मी पहिल्यांदा खोटं बोलले, तेव्हा तुम्ही तिथे होतात. बोलला का नाहीत?"

"सुटला बिचारा, असं वाटलं. तू परक्या घरची. तुझ्या नावावर खपून जाईल म्हटलं." मग गाळणं हातात धरून म्हणाल्या, "चुकलंच माझं."

दया आली त्याची, खूप आली. आणि दया आली म्हणून जास्त राग आला. आठ वर्षांचा होता तेव्हाचं सगळं कबूल. पण माझ्या पदरात ओकला तेव्हा एकोणतीसचा होता. आता बासष्टचा आहे. दादांनी त्याला हसू नये म्हणून दादा मला हसतात, आणि हा शेजारी बसून वडे खातो.

निघताना विचारलं, "तुम्हाला बाल्कनी हवीय का हो, ताई?"

"विलासने ठरवलंय ना."

"तुम्हाला हवीय का?"

कप उचलता उचलता म्हणाल्या, "समुद्र दिसला असता तर बरं झालं असतं. तीन दिवस ट्यूबलाइट बघत बसायचं म्हणजे..."

बुध., २८ जाने.

मुदतीचा दिवस. सकाळी दादांचा फोन आला. नं. अर्धा तास बोलला. दाढ, सोसायटीचं पाणी, मॅच, दादांची शुगर, बोटीवर घालायला टोप्या. ते सोडून सगळं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही, फडकं घेऊन स्कूटर पुसायला खाली गेला.

गुरु., २९ जाने.

बेबीताईंना ठाण्याला बोलावून घेतलं. दोघी मिळून टूरवाल्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर चुणचुणीत मुलगी. मी आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहायचे तसं. दहावा मजला, बाल्कनी: माधवी आणि बेबीताई. पाचवा मजला, मधली, बिनखिडकीची: नंदकुमार, एकटे.

मुलीने दोनदा वाचलं. "मॅडम, सर एकटेच खाली? चालेल त्यांना?"

"त्यांनाच चालेल."

"बदलाचं कारण काय टाकू?"

बेबीताई माझ्याकडे बघायला लागल्या. ओठांवर आलं होतं. तेहतीस वर्षं दाताखाली धरलेलं, ते एका अनोळखी मुलीला सांगून मोकळं व्हायचं? मला ते माझ्या तोंडून नकोच आहे. म्हटलं, "काही टाकू नका. विचारलं तर सर सांगतील."

बाहेर आल्यावर बेबीताईंनी उसाचा रस पाजला. म्हणाल्या, "नंदू रागावेल गं." रागावू दे. मला तरी कुठे शांत वाटतंय! पोटात खड्डा पडलाय. पण हा खड्डा माझा स्वतःचा आहे, दुसऱ्याचा माझ्या नावावर नाही.

शुक्र., ३० जाने.

संध्याकाळचे साडेसहा. आत्ताच्या आत्ता लिहितेय.

साडेपाचला विलासने नवी यादी घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "एजंटने घोळ घातलाय, बेबीताई आणि नंदूदादा उलटेपालटे झालेत, कॉल करून करेक्ट करतो." मी उत्तर दिलं, "घोळ नाही. बरोबर आहे." त्या ग्रुपवर मी आजवर शुभ सकाळ सोडून काही लिहिलेलं नाही.

नं. बेडरूममधून फोन हातात घेऊन आला. "हे काय केलंस?"

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "खोल्या बदलल्या."

"अगं, सगळे विचारतील."

"विचारू देत."

"मी काय सांगू?"

"इतकी वर्षं मी सांगितलं ना? आता तुम्ही सांगा. काय वाटेल ते सांगा. पण माझं नाव घालून नाही. माझं नाव घातलंत तर मी त्याच ग्रुपवर पहिल्या दिवसापासून लिहीन, शालूपासून."

"बेबी काही बोलली का तुला?"

"गलबताचं सांगितलं."

तो खुर्चीवर बसला. चष्मा काढला, परत लावला. मला वाटलं आता चिडेल, मी तयारीतच होते. चिडला नाही. म्हणाला, "चार नाही, पाच दिवस होतो मी तिथे." मला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. दादा. घाईत स्पीकर लागला.

"अरे नंद्या, नावं उलटी पडली रे! लागते माधवीला आणि खाली झोपणार तू? तांडेलाचा नातू तळघरात?" मागे कुंदाताईंचं हसू ऐकू आलं. "विलासला सांग, तिला टाक खाली आणि तू ये वर. काय? ऐकतोयस ना?"

नं.ने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे. लाँचमध्ये होती, खारेगावच्या अलीकडे होती. पाया पडतो म्हणणारी. दर वेळी त्या नजरेला मी उठलेय. आज मान खाली घालून मेथीच्या काड्या मोडत राहिले. एक पान धड निघत नव्हतं.

"नंद्या?"

"थांब दादा. बाहेर जाऊन बोलतो."

स्पीकर बंद केला, बाल्कनीत गेला, आणि काचेचं दार ओढून घेतलं.

वीस मिनिटं झाली. दारापलीकडचं काही ऐकू येत नाही. पाठमोरा आहे. एक हात कठड्यावर, घट्ट. सुरुवातीला खांदे हलत होते, हसत होता वाटतं. आता हलत नाहीयेत. मधे एकदा वळला, काचेतून माझ्याकडे बघितलं, तोंडाने बोलतच होता. मग परत पाठ केली.

अजून बोलतोय.